दोन भरत्यांच्या मध्ये

ओहोटीला सांतेकचा किनारा मैलभर उघडा पडतो
आणि वाळूवर जागोजाग वेटोळी दिसतात,
सोऱ्यातून नुकती शेव पाडावी तशी.
प्रत्येकाखाली एक किडा.
तांगीकाका फावडं रोवायचा, मी बादली धरायची.
डझनाला दोन फ्रँक. माझं वय नऊ.

गळाला ओवताना बोटं लाल व्हायची.
"काका, याचं रक्त आपल्यासारखंच?"
"लाल ते लाल. ओव मुकाट्यानं.
किड्याला काय कळतंय."

पुढे काका गेला, फ्रँक गेले,
आणि माझी दोन्ही मूत्रपिंडं,
भांडलेल्या भावांनी आपापल्या दुकानाची फळी ओढून घ्यावी
तशी एकामागोमाग बंद झाली.

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
खिडकीत ब्रेस्टचं बंदर, क्रेन, राखाडी पाणी.
बाजूच्या खुर्चीत गोउल्वेन,
सायकल शर्यतीचे निकाल मोठ्यानं वाचणारा.
"किड्यामुंगीचं जगणं आहे हे, रोझेन,"
तो नळ्यांकडे बघत म्हणायचा, आणि पान उलटायचा.
एका बुधवारी त्याच्या खुर्चीवर स्वच्छ चादर होती.
कुणी काही विचारलं नाही.

फोन आला तेव्हा मी कांदे सोलत होते.
लिमोजहून निघालंय, म्हणाले.
कुणाचं, ते कायदा सांगू देत नाही.
एका देहातून निघालेलं,
दुसऱ्यात अजून न पोचलेलं,
रात्रभर हमरस्त्यावर, डब्यात, गारठ्यात,
ना नाडी ना धाप.
त्याला ओहोटी लागली होती.
मला भरती केलं होतं.

नंतर डॉक्टर केर्वेला खाटेच्या कडेला टेकून बोलल्या,
अकराव्या पानावर मी न वाचता सही केली होती, त्याबद्दल.
ज्या द्रवात ते ठेवलं होतं
त्यात किनाऱ्यावरच्या एका किड्याचं हिमोग्लोबिन होतं.
"पाणी ओसरलं की तो वाळूत सहा तास काढतो.
प्राणवायू रक्तात आधीच भरून ठेवलेला,
तो पुरवून पुरवून वापरतो.
आणि त्याचं हिमोग्लोबिन पेशीत कोंडलेलं नसतं,
मोकळंच फिरतं. त्याला रक्तगट नाही."

गट नाही, गोत नाही.
कुणाच्याही दारात जाऊन
ओंजळीतलं देऊन मोकळा.

"अजून चाचणीच आहे," त्या घाईनं म्हणाल्या,
"त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही."
मीही म्हणत नाही.
पण मला बादली आठवली,
तळाशी वळवळणारे डझनभर,
आणि हसू आलं, टाके ओढले गेले,
मग हसू राहिलं नाही.

पहाटे नर्सनं पिशवी उजेडात धरली:
तीनशे चाळीस मिलिलिटर.
माझ्या लघवीकडे इतक्या कौतुकानं
आईनंसुद्धा कधी पाहिलं नसेल.

ज्याचं मूत्रपिंड त्याच्या घरी पत्र पाठवता येतं,
नाव न लिहिता, नाव न विचारता.
तीन मसुदे फाडले.
चौथा कांद्यांच्या टोपलीखाली आहे.

मार्चमध्ये सांतेकला गेले.
माझ्या वाटेला आलेला किडा इथला नव्हताच म्हणे,
कुठल्याशा टाक्यांत वाढवलेला.
तरी गेले. दुसरीकडे कुठे जायचं?
एक मुलगा फावडं घेऊन खणत होता,
शेजारी निळी बादली.
थांब म्हणावं असं वाटलं, म्हटलं नाही.
मासे तर मीही खाते.
"किती देऊ?" त्यानं विचारलं.
मी मान हलवली,
एका वेटोळ्याशी उकिडवी बसले
आणि श्वास रोखला,
पाणी परत येईपर्यंत नाही, नुसतं बघायला.

चव्वेचाळीस सेकंद.

मुलगा फावड्यावर रेलून हसत होता.
मी धापा टाकत पुन्हा मोजायला लागले.